बावदगड

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी आयुष्यभर टर उडवली. शाळामास्तर माणूस, त्यातून व्याकरण शिकवणारा... त्यामुळे हे लिहिताना मलाच अवघडल्यासारखं होतंय. पण एकीचे आभार मानायचे राहिलेत, म्हणून लिहितो.

साठचं दशक संपत आलं होतं. तारापूरला मोठं बांधकाम चालू होतं, बोईसर स्टेशनात परमुलखातली माणसं उतरत होती. आमचं गाव नवापूरच्या अलीकडे, खाडीकाठी. घरं पन्नास-साठ, पण पूर्वी इथे तटबंदीचं शहर होतं म्हणतात. गादीसाठी दोन भावांत लढाई जुंपली, शहराने धाकट्याला आसरा दिला. थोरल्याने खाडी अडवून वेढा घातला. शहर पडलं, धाकटा मारला गेला आणि शहराला जबर शिक्षा झाली — काय शिक्षा, ते मात्र कोणालाच ठाऊक नव्हतं.

गावाबाहेर, भरतीचं पाणी शिरणाऱ्या खाजणाच्या कडेला एक थोराड दगड होता, बावदगड. आमच्याकडे 'भ'चा 'ब' होतो, भावाला बाव म्हणतात. म्हणजे धाकटा भाऊ त्याखाली पुरलाय, हे ठरलेलंच! दगड हलवायची कोणाची छाती नव्हती.

त्या उन्हाळ्यात गावची विहीर खारी झाली. गोडं पाणी दोन मैलांवर. सुमतीला, माझ्या बायकोला, आठवा महिना लागलेला. आधीची दोन बाळं पोटातच गेली होती. पालघरच्या डॉक्टरांनी बजावलं, हंडा उचलायचा नाही. मग कावड मी घेतली. बायका पदराआड हसायच्या... हसू देत! पण पाणी पुरायचं नाही, आणि माझी पाठ वळली की सुमती गुपचूप कळशी घेऊन निघायची. मला सारखी बाळाची धास्ती.

एका रविवारी भर दुपारी मी बावदगडापाशी कावड टेकवली. दगडावर एक अनोळखी, वयस्क बाई बसली होती. हातात रिकामी तांब्याची कळशी. तिने ओंजळ पुढे केली, मी पाणी ओतलं.

"एवड्या लांबून आनतोस?"

"बायकोला आठवा महिना आहे."

"मंग बाव मोकळी कर ना!"

माझ्यातला मास्तर जागा झाला. "मोकळी नाही बाई, मोकळा. भाऊ पुल्लिंगी."

ती खळखळून हसली. "मोकळी रे मास्तर, मोकळी!"

कावड उचलून वळलो, तर बाई नाही. चहूकडे सपाट खाजण, लपायला झुडूपही नाही. आणि मी मास्तर, हे तिला सांगितलं कोणी?

कोळीवाड्यातले म्हातारे दामाबाबा गावात सगळ्यांत जुने. त्यांना जाऊन सांगितलं.

"मोकळी बोलली?" त्यांनी विचारलं. "माजी आजी विहिरीला बाव बोलायची..."

म्हणजे दगडाखाली भाऊ नव्हताच, विहीर होती. पिढ्यान् पिढ्या आम्ही विहिरीला भाऊ समजून नारळ वाहत होतो!

दगड हलवायचा म्हटल्यावर गाव आडवं आलं — धाकटा उठेल, सत्यानाश होईल. दामाबाबा स्वतः पहार घेऊन पुढे झाले. "उटला तर पयला माज्यासमोर उटंल. मास्तरचं पोर जगलं पायजे."

दगडाखाली बांधीव विहीर निघाली, गळ्यापर्यंत बुजवलेली. तटाचे चिरे, जळकी कौलं, फुटक्या घागरी. शिक्षा काय होती ते तेव्हा कळलं. माणसं पुन्हा वसू नयेत म्हणून थोरल्याने शहराचं पाणीच गाडलं होतं. अकराव्या दिवशी पाणी लागलं. दामाबाबांनी चाखलं. "गोडं हाय," म्हणाले आणि डोळे पुसत बसले.

सुमतीला मुलगी झाली, ठणठणीत! सव्वा महिन्याने विहीर पुजायला गेलो. तोवर मी दातिवऱ्यापर्यंत चौकशी करून आलो होतो, तशी बाई कोणीच पाहिली नव्हती. ती कोण, कुठली, मला आजही सांगता येत नाही. सुमतीने काठावर खण-नारळ ठेवला, लेकीला दोन्ही हातांत उचलून धरलं आणि मोठ्याने म्हणाली, "बाय, ही तुझी नात." मी हात जोडले आणि भर गावासमोर रडलो.