चालतो, पण उलटा

औषधांच्या दुकानात आपला नंबर यायला वेळ लागला की लोक मोबाइलमध्ये डोकं घालतात. कवळीकाका भिंती वाचतात. त्या दिवशी बायकोच्या रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी ते थांबले होते. काउंटरशेजारच्या फळ्यावर, भाड्याची खोली आणि हरवलेलं मांजर यांच्या मधोमध, एक चिठ्ठी टाचलेली होती. अक्षर वळणदार, खाली पत्ता. ‘रिमोटवर चालणारा खेळण्यातला रणगाडा विकणे आहे. वापरलेला. चालतो, पण उलटा.’

काका गोळ्या घेऊन बाहेर पडले आणि चिठ्ठी पुन्हा वाचायला परत आत आले. जुनी वस्तू विकणारा माणूस एकतर खोट लपवतो, नाहीतर ‘किरकोळ दुरुस्ती’ म्हणून मोकळा होतो. ‘चालतो, पण उलटा’ असं कोण लिहितं? आणि उलटा म्हणजे कसा? छताला पाय लावून?

काकांचा धंदा कवळ्या बनवण्याचा. दातांचे डॉक्टर रुग्णाच्या तोंडाचं माप घेतात, ते माप काकांच्या एका खोलीच्या कारखान्यात येतं, आणि तिथे प्लास्टर, मेण आणि काकांची सहनशक्ती यांतून दात तयार होतात. गावातले निम्मे म्हातारे काकांच्या हातचं चावून खातात, पण काकांनी त्यांतल्या बहुतेकांचे चेहरे पाहिलेले नाहीत. बँकेच्या रांगेत कुणी हसलं तर मात्र ते लगेच ओळखतात. माणूस नाही, दात.

बाकी स्वभाव असा, की कुठलीही चालती वस्तू दिसली की ती का चालते हे कळेपर्यंत यांना जेवण गोड लागत नाही. काकू आल्यागेल्याला सांगतात, “लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात माझं माहेरचं घड्याळ उघडून बसले. बंद पडलं नव्हतं हो. चालू का आहे, ते बघायचं होतं.” गेल्या वर्षी रस्त्याच्या कामावर पट्ट्यांचं खोदयंत्र आलं होतं. स्टिअरिंगचं चाक नसलेलं ते धूड जागच्या जागी वळतं कसं, हे बघत काका उन्हात इतका वेळ उभे राहिले, की शेवटी चालकाने विचारलं, “आजोबा, कुणी हरवलंय का?”

तेव्हा रणगाडा तर घ्यायलाच हवा होता.

पत्ता तळमजल्यावरच्या घराचा निघाला. दार उघडलं ते काकांच्याच वयाच्या एका बाईंनी. हात कणकेने भरलेले, चष्मा कपाळावर.

“रणगाड्यासाठी आलात? मोडलेला आहे, आधीच सांगते. नंतर भांडायला येऊ नका.”

“मोडलेला की उलटा?” काकांनी विचारलं.

बाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. “या आत,” त्या म्हणाल्या.

पुढची खोली, मग लांबट अरुंद बोळ, बोळाच्या टोकाला स्वयंपाकघर. पुढच्या खोलीत खिडकीशी हातांच्या खुर्चीत त्यांचे यजमान बसले होते. खुर्चीचं तोंड बोळाकडे. काकांचं लक्ष सवयीने आधी तोंडाकडे गेलं. खालची कवळी सैल झाली होती. आजाराने गाल आत गेले की असं होतं. कवळी जुन्या चेहऱ्याची राहते आणि चेहरा नवा होतो.

“हे कारखान्यात क्रेन चालवायचे,” बाई म्हणाल्या. “झटका आला तेव्हापासून बोलता येत नाही. पायही जेमतेम. हात सुधारले व्यायामाने.” मग आवाज खाली आणून, “समज कधी असते, कधी नसते म्हणतात.”

कोण म्हणतात, ते त्यांनी सांगितलं नाही. क्रेनवाल्यांनी मांडीवरच्या वर्तमानपत्राचं पान उलटलं.

रणगाडा भाकरीच्या परातीएवढा लांब, वजनदार, मळकट हिरवा होता. पाठीवर टिनाच्या डब्याचं झाकण चिकटवलेलं. रिमोटवर दोन दांडे. दोन्ही पुढे ढकलले की सरळ, दोन्ही मागे ओढले की मागे. एकच ढकलला की त्या बाजूचा पट्टा चालतो, दुसरा थांबतो आणि गाडी वळते. म्हणजे स्टिअरिंग नाहीच, नुसती एका पायाची दुसऱ्या पायावर कुरघोडी. काकांना खोदयंत्राचं कोडं तिथेच सुटलं आणि त्यांचा चेहरा लहान मुलासारखा उजळला.

त्यांनी रणगाडा बोळाकडे तोंड करून ठेवला, मागे उभे राहिले आणि डावा दांडा ढकलला. चालला उजवा पट्टा. रणगाडा वळला भलतीकडे आणि चपलांच्या मांडणीत शिरला.

“बघा,” बाई म्हणाल्या. “निवृत्त झाले तेव्हा सोबत्यांनी भेट दिला होता. तेव्हा नीट चालायचा. आजारपणानंतर एक दिवस हेच स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसले आणि तेव्हापासून असा. मुलगी आली होती, तिने चालवून पाहिला. म्हणाली, आई, बाबांना डावं-उजवं कळेनासं झालंय. डॉक्टरांनाही तिने हेच सांगितलं. मग हत्यारांची पेटी माळ्यावर टाकली. तापलेलं हत्यार हातात असताना काही भलतंसलतं झालं तर?”

खुर्चीतून क्रेनवाल्यांनी हात वर केला. पंजा हवेत गोल फिरवला, पुन्हा फिरवला, पुन्हा.

“थकले,” बाई म्हणाल्या. “घेऊन जा म्हणताहेत.”

काकांनी पैसे दिले, रणगाडा पिशवीत घातला. दारातून वळून पाहिलं तेव्हा क्रेनवाल्यांनी मान खिडकीकडे केली होती. हात मात्र अजून मांडीवर हळूच फिरत होता.

घरी आल्याआल्या काकांनी जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून रणगाड्याचं पोट उघडलं. काकू समोर भाजी निवडत होत्या.

“दोन्ही मोटारींच्या वायरींची अदलाबदल झालीय,” काका म्हणाले. “एवढंच.”

“मग करा सरळ आणि टेबल मोकळं करा.”

काकांनी केलं. काम सोपं होतं. रणगाडा जमिनीवर ठेवला, मागे उभे राहून चालवला. डावा म्हणजे डावा, उजवा म्हणजे उजवा. सोफ्याला वळसा घालून तो शहाण्यासारखा जाऊन आला.

“झालं समाधान?”

व्हायला हवं होतं. पण सोडवलेल्या वायरी काकांच्या बोटांत अजून वळवळत होत्या. डाग देऊन केलेला प्रत्येक जोड चकचकीत, गोल, कुठे थेंब ओघळलेला नाही. जोडावर काळी नळी चढवून ती ऊब देऊन घट्ट बसवलेली. आत वायरी हलू नयेत म्हणून दोऱ्याने बांधलेल्या, आणि दोऱ्याची टोकं कापलेली.

“अगं, डोकं ठिकाणावर नसलेल्या माणसाचा हात इतका ठिकाणावर कसा असेल?”

“तुमचा आहेच की,” काकू देठ खुडत म्हणाल्या. “तसंच त्यांचं असेल.”

दुसऱ्या दिवशी काका रणगाडा कारखान्यात घेऊन गेले. कामाच्या टेबलावर एका बाजूला ठेवला आणि एका जबड्याचा मेणाचा साचा हातात घेतला. काम करता करता नजर मात्र तिकडेच. नवीन पाहुणा घरात आला की मुलं जशी दाराआडून बघतात, तशी. तेव्हा त्यांना दिसलं, की रणगाड्याची पुढची बाजू अगदी नवी आहे. रंगाचा टवकाही उडालेला नाही. आणि मागचे दोन्ही कोपरे खरवडून आतलं पांढरं प्लास्टिक दिसतंय.

गाडी मागून कशी आपटेल? आपटते ती पुढून. मागून आपटणारी गाडी म्हणजे सदा मागे जाणारी गाडी.

हातातला जबडा त्यांच्याकडे तोंड करून होता. काका शिकायला लागले तेव्हा पहिल्याच महिन्यात त्यांनी डावा सुळा उजवीकडे बसवला होता. वस्तादांनी ती कवळी त्यांच्यासमोर धरून म्हटलं होतं, “तुझा डावा हात खिशात घाल. आपल्या धंद्यात डावा म्हणजे समोरच्याचा डावा.” तेव्हापासून समोर तोंड करून बसलेल्या वस्तूची डावी बाजू आपल्या उजवीकडे असते, हे काकांच्या रक्तात भिनलेलं. त्यासाठी त्यांना विचार करावा लागत नाही. म्हणूनच बहुधा कालपासून तो त्यांनी केलाच नव्हता.

काकांनी साचा खाली ठेवला. रणगाडा खोलीच्या पलीकडे, आपल्याकडे तोंड करून ठेवला आणि स्टुलावर बसले. डावा दांडा ढकलला. चालला तो रणगाड्याचा डावा पट्टा, म्हणजे काकांच्या उजव्या हाताचा. गाडी तिरकी झाली आणि प्लास्टरच्या पोत्यावर धडकली.

मग त्यांनी हातांची फुली केली. डावा अंगठा उजव्या दांड्यावर, उजवा डाव्यावर. आता वायरी जणू पुन्हा क्रेनवाल्यांनी जोडल्या होत्या तशाच झाल्या. ज्या बाजूचा हात, डोळ्यांना दिसतो त्याच बाजूचा पट्टा. रणगाडा पोत्यामागून निघाला आणि हाक मारल्यासारखा सरळ त्यांच्या पायाशी आला. दांडे मागे ओढले, तर तोंड त्यांच्याकडेच ठेवून पाठीपाठी दाराकडे गेला आणि त्याचा मागचा कोपरा चौकटीवर आपटला. बरोबर खरवडलेल्या जागी.

खुर्चीत खिळलेल्या माणसाला रणगाड्याच्या मागे उभं राहून चालवायचंच नव्हतं. त्याला तो बोळातून स्वयंपाकघरापर्यंत पाठवायचा होता आणि परत बोलवायचा होता. आणि तो हात? ‘घेऊन जा’ नव्हतं ते. ‘फिरवा, त्याचं तोंड माझ्याकडे फिरवा’ असं तो माणूस सांगत होता, आणि खोलीतल्या दोघांनाही कळलं नव्हतं.

कोडं सुटल्याचा आनंद झाला खरा, पण तो फार टिकला नाही. आपली अक्कल शाबूत आहे असं सांगणारी एकच गोष्ट त्या माणसाजवळ होती. ती काकांनी विकत आणली होती आणि वर सरळही करून टाकली होती.

“परत करायला आलात ना?” दार उघडत बाई म्हणाल्या. “पैशांचं वाणसामान भरलं हो मी.”

“पैसे नकोत, वहिनी. हा फक्त त्यांच्या हातात द्या.”

काकांनी रणगाडा स्वयंपाकघराच्या दाराशी ठेवला, खुर्चीकडे तोंड करून. रिमोट क्रेनवाल्यांच्या हातात दिला. क्रेनवाले ताठ बसले. अंगठे दांड्यांवर आपसूक पडले. ढकलले. रणगाडा निघाला, बोळात वळवायला गेले आणि भिंतीला भिडला.

बाईंनी मान खाली घातली. “बघितलंत?”

पण काका क्रेनवाल्यांकडे बघत होते. ते गोंधळलेले नव्हते. त्यांनी एकेक दांडा सुटा हलवून पाहिला, आधी डावा, मग उजवा. रिमोटकडे पाहिलं, रणगाड्याकडे पाहिलं आणि मग काकांकडे पाहिलं. आपल्या यंत्राला कुणी हात लावला हे कळल्यावर जुना कारागीर जसा बघतो, अगदी तसं.

“मीच,” काका म्हणाले. “चुकलंय असं वाटलं, म्हणून सरळ केलं.”

क्रेनवाल्यांनी तळहात पुढे केला आणि तो तसाच धरून ठेवला.

“काय हवंय यांना?” बाई म्हणाल्या. “पाणी?”

“स्क्रू ड्रायव्हर,” काका म्हणाले. मग त्यांनी बाईंना समजावून सांगितलं. सांगण्यापेक्षा दाखवलं. त्यांना नवऱ्याच्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसवलं आणि हातांची फुली करून दांडे धरायला लावले. पहिल्यांदा रणगाडा फ्रीजकडे गेला. दुसऱ्यांदा बोळातून सरळ त्यांच्याकडे आला. बाई त्या रणगाड्याकडे बघतच राहिल्या.

“क्रेनच्या केबिनमध्ये असंच बसायचे,” त्या हळूच म्हणाल्या. “माल नेहमी यांच्याकडे यायचा.”

त्या उठल्या. स्टूल ओढलं, माळ्याचं दार उघडलं, मग थांबल्या. “मुलगी ओरडेल मला.”

“मी धरतो ना वायर,” काका म्हणाले. “भाजलं तर मला भाजेल.”

पेटी खाली आली. डाग द्यायचं सोल्डरिंग आयर्न तापेपर्यंत क्रेनवाल्यांनी आतला दोरा सोडवला आणि काकांची गाठ बघून नाक मुरडलं. काकांनी जोडावर नुसती चिकटपट्टी गुंडाळली होती. तीही त्यांनी चिमटीत धरून बायकोला दाखवली. हात थोडा कापत होता, पण टोक जोडाशी पोचलं की थांबायचा. काकांनी श्वास रोखून वायर धरली. आपल्या कारखान्यात एकट्याने काम करायची सवय त्यांना होती; दुसऱ्याच्या हाताखाली वायर धरायची नव्हती.

मग रणगाडा पाठीपाठी बोळातून गेला. चौकटीवर कोपरा आपटला, सावरला आणि स्वयंपाकघरात दिसेनासा झाला. आतून झाकणात काहीतरी ठेवल्याचा आवाज आला. तो परत निघाला तेव्हा टिनाच्या झाकणात दोन बिस्किटं होती आणि मागून बाई येत होत्या, पदराने चष्मा पुसत.

“आता मुलीला काय सांगू मी?”

“काही सांगू नका. या खुर्चीत बसवा आणि रिमोट द्या.”

क्रेनवाल्यांनी एक बिस्कीट काकांना दिलं. मग ते हसले. आवाज नव्हता, पण हसू पूर्ण होतं, आणि खालची कवळी टुणकन उडाली. ती त्यांनी जिभेने जागेवर ढकलली. काकांनी बिस्कीट खाल्लं आणि त्या कवळीकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

संध्याकाळी काकूंनी रिकामी पिशवी झटकून खुंटीला लावली. “रणगाडा?”

“तिथेच ठेवला. माझाच आहे, पण राहील तिथे.” काका बॅगेत प्लास्टरचा डबा आणि माप घ्यायचा साचा भरत होते. “उद्या पुन्हा जायचंय. दातांच्या डॉक्टरीणबाईही येते म्हणाल्या.”

“आता त्यांच्या घरी आणखी काय उघडून बघायचं राहिलंय?”

“तोंड,” काका म्हणाले आणि बॅगेची चेन लावली.