कुंकवाच्या वाट्या

मी नोकरी कसली करते, हे रनाळ्यात आजवर कुणाला कळलेलं नाही, आणि त्यात दोष माझाच आहे. पहिल्या सुट्टीत घरी आले तेव्हा शेजारच्या काकूंना सोपं करून सांगायला गेले. म्हटलं, एक मोठं जाड भांडं असतं, त्याचं झाकण घट्ट लावायचं, आत गॅस भरायचा, तापवायचं, दाब द्यायचा.

काकूंनी पदर तोंडाला लावला. "माय वं! कुकर? एवढी शिकीसन आखो कुकरच का?"

संध्याकाळपर्यंत ही बातमी गावभर झाली. तळोद्याहून आलेल्या एका स्थळाने तर मुलीला स्वयंपाक येतो का, हा प्रश्न विचारलाच नाही. शिक्षण त्यातच झालंय अशी त्यांची समजूत होती.

आमचा कारखाना सीमेवरचं खापर गाव ओलांडून गुजरातेत आहे. टायटॅनियमची पावडर लेझरने थरावर थर वितळवून खुब्याच्या सांध्याच्या वाट्या बनवतात, नारळाच्या अर्ध्या करवंटीएवढ्या. त्या आमच्याकडे येतात. बाहेरून नीटनेटक्या, पण आत कुठे कुठे केसाच्या टोकाएवढी पोकळी राहिलेली असते. अशी वाटी माणसाच्या अंगात बसवली तर दहा वर्षांनी एखाद्या पायरीवर दगा देईल. म्हणून आमच्या भांड्यात ती लालबुंद तापवायची आणि आर्गॉन वायूने सगळीकडून एकदम दाबायची. आतली पोकळी मिटते, धातू धातूला चिकटतो. हे गावात फक्त बापूंना समजलं. "लाडू वळानं काम शे, पन बिनहातनं," ते म्हणाले. चहूबाजूंनी सारखा दाब म्हणजे काय, हे मला मात्र पुस्तकातून शिकावं लागलं नाही. मी तिशी ओलांडलेली होते आणि बिनलग्नाची.

टायटॅनियम हा फार सोवळ्यातला धातू. त्याला उघड्या हाताने शिवायचं नाही. बोटाचा तेलकटपणासुद्धा त्या आचेत धातूत मुरतो आणि वरचा थर ठिसूळ करतो. आमच्या गल्लीत कडक सोवळं पाळणाऱ्या बायका आहेत, पण हातमोजे, टोपी आणि तोंडाला फडकं बांधून देवपूजा करणारी अजून कुणी पाहिली नाही.

खंडेनवमीला कारखान्यात यंत्रांची पूजा असते आणि घरच्यांना बोलावतात. त्या वर्षी मी माय-बापूंना नेलं. बापूंनी नवी टोपी घातली होती आणि भेटेल त्याला 'मन्ही आंडेर' म्हणून लेकीची ओळख करून देत होते. वाट्यांची टोपली भांड्यात उतरवायला तयार होती, तिच्यावर झाकण होतं. ते झाकण मी काढलं. माझ्या बापाला माझं काम दिसावं म्हणून काढलं, आणि तेवढ्यात कुणीतरी हाक मारली म्हणून दोन मिनिटं बाजूला गेले. परतल्यावर घाईत, आत न बघताच टोपली उतरवली, भांड्याचं झाकण बंद झालं आणि आमच्या साहेबांनी वडीलधारे म्हणून बापूंनाच बटण दाबायला सांगितलं. टाळ्या झाल्या. आतली हवा उपसायला सुरुवात झाली.

प्रसाद घेताना मला बापूंची बोटं दिसली. एका यंत्राला टिळा लावायला एक बोट पुरतं. बापूंची पाचही लाल होती.

"बापू, आखो कोठे लायं कुंकू?"

"त्या लहान्या वाट्यासले बी लायं. त्यासलेच काब्रं उपाशी ठेवानं?"

मी धावत जाऊन यंत्र थांबवलं. साहेब हळू आवाजात म्हणाले, "जाने दो बहेन, भगवान का काम है." मग म्हणाले, पुसून टाका आणि चालू करा, माल आजच जायचाय. कुंकू खालच्या थरापर्यंत सांडलं होतं. मी नाही म्हटलं. वरच्या वाट्या भंगारात गेल्या, खालच्या पुन्हा धुऊन तपासायला गेल्या, आणि झाकण काढल्याबद्दल मला मेमो मिळाला. तो बरोबरच होता.

बापूंचा चेहरा उतरला होता. "देवना कुंकूनी कोनं वाईट व्हयनं का आजपावत?"

मला तेव्हा शांत बोलायला हवं होतं. माझा स्वभाव आग्यामोहोळ. सगळ्यांसमोर मी ओरडले, "बापू, ह्या वाट्या कोना तरी बापना आंगमा जातीन!"

त्यानंतर बापू माझ्याशी बोलले नाहीत. फोन केला की तो मायच्या हातात द्यायचे. मला फार लागायचं ते, पण माघार घेणं आमच्या घराण्यातच नाही.

पुढच्या वर्षी त्यांचाच खुबा गेला. नंदुरबारच्या डॉक्टरांनी सांधा बदलायला सांगितलं. बापूंनी साफ नकार दिला. "लोखंड बसाडाले मी काय नांगर शे का?" उभं राहता येईना, तरी हेका सुटेना. मायने रडत फोन केला आणि मी घरी आले.

बापू ओट्यावर खाटेवर पडून होते. वर्षभरात पहिल्यांदा त्यांनी मला थेट विचारलं, "ती वाटी तू बनाडेल ऱ्हाई का?"

मी हो म्हटलं असतं तर काम झालं असतं. पण मी खरं सांगितलं, की ती कुठल्या कारखान्यातून येईल ते मला माहीत नाही.

त्यांनी खाटेच्या कडेला धरून मान माझ्याकडे वळवली. मग म्हणाले, "तठे बी तुन्हासारखी आडमुठी कोनी व्हई का?"

"व्हई, बापू."

"मंग चाली."

ऑपरेशनच्या सकाळी डॉक्टरांनी वाटीचा सीलबंद डबा घरच्यांना दाखवायला आणला. माय घरून करंडा घेऊनच आली होती. कुणी काही म्हणायच्या आत तिचं कुंकवाचं बोट डब्याकडे निघालं. बापूंनी पडल्या पडल्या तिचं मनगट धरलं.

"डब्बाले नको," ते म्हणाले. "आंडेरले लाय."