क्वालालंपूर की सिंगापूर? एका चूलबंद आवतणाची गोष्ट

मलेशियाला जायला भारतीयांना अजून व्हिसा लागत नाही आणि सिंगापूरचे तिघांचेही व्हिसा आलेत, या दोन्ही गोष्टी आमच्या बारामतीच्या तिकीटवाल्याने निघण्याच्या आदल्या दुपारी फोनवर पक्क्या केल्या. तुम्ही जाल तेव्हा पुन्हा तपासून घ्या, हे नियम बदलत असतात. आमच्यापुरतं सांगायचं तर कागदोपत्री दोन्ही शहरं मोकळी होती. अडचण कागदाची नव्हतीच.

अडचण रशीदभाईंची होती. रशीदभाई तांबोळी हे माझे कॉलेजपासूनचे मित्र. इंदापुरात त्यांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. त्यांची मुलगी समिना नर्स आहे. तीन वर्षांपूर्वी तिला सिंगापूरची नोकरी लागली. बाप नको म्हणाला, ती गेली. भांडण असं झालंच नाही, फक्त बोलणं थांबलं. तेव्हापासून लेकीची खुशाली भाभींच्या फोनवरून बापाला कळते आणि बापाच्या रक्तदाबाचे आकडे त्याच फोनवरून लेकीला.

त्यामुळे पाच रात्रींच्या सहलीत कुठलं शहर, हा प्रश्न वरवर साधा होता. क्वालालंपूर स्वस्त, हलाल जेवणाची चिंता नाही, व्हिसाची कटकट नाही. सिंगापूर महाग, आणि तिथे समिना. रशीदभाईंनी क्वालालंपूर म्हटलं. भाभींनी, म्हणजे त्यांच्या पत्नी जुबेदाभाभींनी, काही न बोलता सिंगापूरच्या व्हिसाचे फॉर्म भरले आणि नवऱ्यापुढे सहीला ठेवले. त्यांनी सही केली. का केली, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

परतीचं तिकीट मात्र त्यांनी क्वालालंपूरहूनच काढायला लावलं. दोन्ही शहरं पक्की करून निघणाऱ्यांनी ही चूक करू नये. एका शहरात उतरावं आणि दुसऱ्यातून परतावं, एक दिवस वाचतो.

माझी बायको विमानात बसत नाही, त्यामुळे आम्ही तिघंच. बुधवारी मी बारामतीहून निघालो, ते दोघं इंदापूरहून सोलापूर रस्त्याने आले आणि पाटसला आम्ही एका गाडीत बसलो. गाडी सुरू झाल्या झाल्या भाभी म्हणाल्या, "भावजी, इंदापूर सोडलं, आता क्वालालंपूर, पलीकडं सिंगापूर. सगळी पूरंच. त्यातल्या एकात माजी लेक हाय, येवढं ध्यानात ठिवा."

रशीदभाई खिडकीबाहेर बघत म्हणाले, "पाटसला ऊस लई पडलाय औंदा."

मुंबईहून विमानाला साधारण पाच तास लागतात. क्वालालंपूरचा विमानतळ शहरापासून लांब आहे. जलद रेल्वेने अर्ध्या तासात शहरात पोचता येतं, पण तिकीट माणशी हजार-बाराशे रुपयांच्या घरात जातं. तिघं असाल तर टॅक्सी तेवढ्यातच पडते, सामानही उचलावं लागत नाही. हॉटेलऐवजी आम्ही दोन खोल्या आणि स्वयंपाकघर असलेला फ्लॅट घेतला होता. पाच रात्रींचं बुकिंग, शेवटच्या दोन रात्री रद्द करण्याची सोय ठेवून. भाभींनी बेसन, तिखट, कांदा-लसूण मसाला आणला होता. तिथल्या विजेच्या शेगडीवर गुरुवारी संध्याकाळीच पिठलं झालं. शेजारच्या दुकानात तांदूळ मिळाला. सकाळी खाली कोपऱ्यावर रोटी चनाई, म्हणजे आपल्या पराठ्याची थोरली, पदर सुटलेली बहीण, आणि उंचावरून ओतलेला फेसाळ चहा. चहा साठ-पासष्ट रुपये. रशीदभाईंनी ओतणाऱ्याचा हात तीन कप होईपर्यंत निरखला आणि म्हणाले, "ह्याचं मनगट मोकळं हाय. वायंडिंग चांगलं करंल."

शुक्रवारी त्यांना जुम्याची नमाज पढायची होती, म्हणून मस्जिद जामेकला गेलो. लाल-पांढऱ्या विटांची, फार मोठी नसलेली, आजूबाजूच्या काचेच्या इमारतींत अंग चोरून बसलेली मशीद. ती दोन नद्यांच्या संगमावर आहे, आणि शहराच्या नावाचा अर्थच गढूळ पाण्याचा संगम. नमाजेनंतर रशीदभाई कठड्याला टेकून खाली बघत उभे राहिले. दोन्ही नद्या सिमेंटने बांधून काढलेल्या.

"दिलीपराव, हे तर आपलं नरसिंहपूर."

"भीमा कुठली, नीरा कुठली?"

"भीमा ती डावीकडची." मग म्हणाले, "पण आपल्या नदीला काठ हाय. हिला नुसती भिंत हाय."

इतर प्रवासी याच शहरात ज्या दोन उंच मनोऱ्यांचे फोटो काढतात, ते आम्हीही काढले. रात्री नको, संध्याकाळच्या उजेडात जा, मागचं आभाळही फोटोत येतं. शनिवारी लोकल रेल्वेने बातू गुंफा. तिकीट अगदी थोडं, गाडी थंडगार आणि निवांत. मुरुगनच्या सोन्याच्या रंगाच्या मूर्तीमागून रंगीत पायऱ्या चढतात. भाभी आणि मी चढलो. माकडांपासून पिशव्या सांभाळा. रशीदभाई खाली नारळपाणी पीत बसले होते. आम्ही उतरलो तेव्हा त्यांची शेजारच्या तमिळ नारळवाल्याशी हातवाऱ्यांनी दोस्ती झाली होती. त्याच्या पंख्यातून आवाज येत होता. कपॅसिटर गेलाय, हे यांनी त्याला कुठल्या भाषेत सांगितलं, देव जाणे.

शहर आवडायला लागलं होतं. माणसं वाट दाखवायला थांबतात, जेवण स्वस्त आणि वाफाळतं, कुठे घाई नाही. फक्त शनिवार सरत आला होता आणि शेवटच्या दोन रात्री रद्द करायची मुदत संध्याकाळी संपत होती.

मी विषय काढला. "रशीदभाई, उद्या काय करायचं?"

"मलाक्का म्हणून गाव हाय म्हणं जवळ. तितं जाऊ."

"आणि सिंगापूर?"

त्यांनी तळवे एकमेकांवर घासले. "आवतण न्हाय," ते म्हणाले.

"अहो, लेक आहे तुमची."

"लेकीचंच घर. तितं बिनबोलावता जायचं? रस्त्यानं चाललो म्हणून डोकवायला ते काय भिगवण हाय? तीन वर्सांत एकदा म्हणाली का, अब्बा या म्हणून? आईला म्हणाली असंल. मला न्हाय."

भाभी शेगडीशी उभ्या होत्या. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही, पण झाऱ्याचा आवाज थांबला.

तेवढ्यात माझा फोन वाजला. समिनाच. लहानपणी सुट्टीत ती आमच्या घरी राहायला यायची, मला काका म्हणते. मी फोन घेऊन गॅलरीत गेलो.

"काका, कितीच्या बसला बसताय उद्या?"

"समिना, अब्बांना बोलावलंस का तू?"

ती तडकलीच. "बापाला आवतण द्यायचं? आवतण परक्याला देत्यात काका. मी त्यांना या म्हटलं की ते पाव्हणे झाले आणि मी परकी झाले. तीन वर्सं मी येवढंच जपलंय. घरच्या माणसानं यावं, बसावं, जेवावं. बोलवायचं काय त्यात?"

तीस-पस्तीस वर्षं मी बातम्यांचं डेस्क सांभाळलं. दोन्ही बाजू ऐकून घ्यायची सवय आहे. पण दोन्ही बाजू इतक्या बरोबर असलेलं प्रकरण क्वचित हाती आलं. बाप आवतणाची वाट बघत होता, आणि आवतण दिलं तर नातं तुटेल म्हणून लेक देत नव्हती. दोघंही इंदापूरचेच, दोघांचाही नियम तिथलाच.

"मग आता गं?"

तिचा आवाज एकदम बदलला. "काका, तुमी तर तांबोळी न्हाई ना?"

"अजून तरी नाही."

"मग तुमाला देते. उद्या रात्रीचं जेवायला या. चूलबंद."

मला हसू आवरेना. आमच्याकडे आवतणाच्याही तऱ्हा आहेत. एका माणसाला बोलावलं तर एकानेच जायचं. पण चूलबंद आवतण दिलं की त्या घरची चूल त्या वेळी पेटवायचीच नाही. त्या चुलीवर जेवणारे झाडून सगळे जेवायला, मग घरचे असोत की मुक्कामाला आलेले.

मी आत येऊन जाहीर केलं, "समिनानं मला उद्याचं आवतण दिलंय. चूलबंद."

रशीदभाईंनी मान हलवली. "तुमाला दिलंय. तुमची चूल बारामतीला."

"तीन दिवस मी कुठं जेवतोय?"

त्यांनी शेगडीकडे बोट केलं. "ही चूल हाय व्हय? हिला जाळ तरी हाय का? क्वाइल हाय नुसती."

"जाळ नसंना," भाभी म्हणाल्या, "पिठलं शिजतंय न्हवं तिच्यावर? तुमी तीन दिवस तेच खाताय." आणि त्यांनी शेगडीचं बटण बंद केलं. "ही बगा. झाली चूल बंद."

रशीदभाईंच्या मिश्या हलल्या. हसू होतं की काय, सांगता येणार नाही. पिठलं अजून कच्चंच होतं, त्यामुळे पाच मिनिटांनी भाभींना बटण पुन्हा लावावं लागलं. जेवताना ते कुणाकडे न बघता म्हणाले, "बस किती वाजता हाय?"

शेवटच्या दोन रात्री मी मुदतीआधी रद्द केल्या.

क्वालालंपूर ते सिंगापूर बस उत्तम. खुर्च्या रुंद, तिकीट माणशी दीड-दोन हजार रुपये. पाच-सहा तास धरा, रविवारी सीमेवर जास्त. दोनदा उतरावं लागतं, एकदा मलेशियाच्या बाजूला, पुन्हा सिंगापूरच्या, आणि दुसऱ्यांदा सामानासकट. सिंगापूरचा प्रवेशाचा फॉर्म मोबाइलवर आधीच भरून ठेवा. आणि तंबाखू नेऊ नका, खायची तर अजिबात चालत नाही. रशीदभाईंनी मलेशियाच्या बाजूलाच पुडी काढली, एकदा हुंगली आणि कचऱ्याच्या डब्यात टाकली. "लेकीच्या गावात कायदे लई," एवढंच म्हणाले. रस्ताभर दुतर्फा तेलताडाची झाडं होती. त्यांनी ती ओळीने मोजल्यासारखी बघितली.

लिटल इंडियात लहानशी खोली आठ-नऊ हजारांना पडते, दोन घेतल्या. संध्याकाळी मेट्रोने समिनाच्या घरी. अकरावा मजला, लांब सामायिक गॅलरी, दारात तुळस नाही पण मिरचीचं रोप. दोन मैत्रिणींबरोबर भाड्याने राहते. त्या दोघी ड्युटीवर होत्या.

दार उघडून ती मला म्हणाली, "या काका." आईला मिठी मारली. बापाला काहीच म्हणाली नाही, फक्त दारातून बाजूला झाली. रशीदभाई चपला काढून आत गेले आणि भिंतीकडच्या खुर्चीवर बसले, जसं स्वतःच्या घरी बसतात. तिने पाण्याचा तांब्या त्यांच्या हाताशी ठेवला.

जेवायला मटण आणि बाजरीची भाकरी होती. पीठ लिटल इंडियातलं. आम्ही खाली बसलो. रशीदभाईंनी भाकरी मोडली, बोटांत धरून बघितली.

"जाड झालीय."

मी भाभींकडे बघितलं. भाभी ताटाकडे बघत होत्या.

"हितलं पीठ तुटतं अब्बा," समिना म्हणाली. "पातळ थापली की फाटती."

"पानी कढत घ्यायचं."

"घेतलं हुतं."

"मग अजून कढत."

त्यांनी तीन भाकरी खाल्ल्या. चौथी मागताना विचारलं, "ड्युटी किती वाजता असती तुजी?" तिने सांगितलं. पगाराचं विचारलं नाही, लग्नाचं नाही, काही नाही. पाळ्या कशा असतात, रात्रपाळीला घरी कशी येते, रस्त्याला दिवे असतात का, एवढंच विचारत राहिले.

सोमवारी तिने सुट्टी काढली आणि आम्हाला समुद्राकाठच्या बागा, नदीकाठ सगळं दाखवलं. सिंगापूर सुंदर आहे, नेटकं आहे, पायी फिरायला सोपं आहे. खाण्यासाठी मोठ्या उघड्या खाऊगल्ल्यांत जा, तिथे महागाई जाणवत नाही. रशीदभाईंचं मत असं पडलं, "गाव झकास हाय. पर टेकून बसायला एक कट्टा न्हाय." मंगळवारी सकाळची बस धरून परत क्वालालंपूर, थेट विमानतळ, घर.

आता ज्या वाचकांना पाच दिवसांत एकच शहर निवडायचंय, त्यांच्यासाठी. खिसा आणि निवांतपणा बघायचा असेल तर क्वालालंपूर. पहिल्यांदाच परदेशी निघाला असाल, बरोबर वयस्कर मंडळी असतील तर सिंगापूरची शिस्त सोयीची. दोन्ही करायची तर निदान सहा रात्री ठेवा. मला स्वतःला क्वालालंपूर जास्त आवडलं, पण ते मनात कमी राहिलं. मनात राहिला तो अकराव्या मजल्यावरचा लांब सामायिक पॅसेज, आणि जेवणानंतर त्याच्या कठड्याला टेकून उभे राहिलेले बाप-लेक, मध्ये हातभर अंतर, खालचे रस्त्यावरचे दिवे बघत.

समिनाची सुट्टी मंजूर झाली आहे, असं भाभींनी परवा कळवलं. पुढच्या महिन्यातल्या एका रविवारी सकाळी ती मुंबईत उतरेल, तीन वर्षांत पहिल्यांदा. तिला आणायला भाड्याची गाडी रशीदभाईंनी स्वतः ठरवली आहे, आणि मीही बरोबर जाणार आहे. माझी जागाही त्यांनी नेमून दिली आहे.

"येताना तुमी मागं बसा, दिलीपराव. पुढं ती बसंल. तिला घाटात गाडी लागती."