भानुदासची टोळी माझ्या रानात

हे तुम्हालाच का सांगतोय, मलाही नीट कळत नाही. बायकोला सांगितलेलं नाही, मुलीला नाही, आणि ज्याला सांगायला हवं होतं त्याला तर नाहीच — आठ वर्षं झाली. सांगून टाकल्यावर बरं वाटेल अशीही आशा नाही. आत काही सलतंय असंही नाही, खरं सांगायचं तर. सलायचं बंद झालंय, म्हणूनच बहुतेक तोंड उघडतंय.

आधी मी कोण ते सांगतो. बारामतीतल्या एका कॉलेजात अठ्ठावीस वर्षं अर्थशास्त्र शिकवलं, आता निवृत्त आहे. इंदापूर तालुक्यात कळसला वडिलार्जित पाच एकर रान आहे आणि रानात दोन खोल्यांचं घर. पुण्याला शिकत असताना होस्टेलवरच्या एका मित्रानं मला जुनं रॉक ऐकवलं, आणि मग त्याहून जुने ब्लूज. ब्लूज म्हणजे काय? अमेरिकेत कापसाच्या रानात राबणाऱ्या काळ्या मजुरांनी आपलं दुःख गिटारीवर चढवलं, ते. मला इंग्रजी तेव्हा यथातथाच समजायचं, पण त्या आवाजानं जे धरलं ते अजून सोडलेलं नाही. पुढं पगारातून तबकड्या घेतल्या, त्या वाजवायला प्लेअर घेतला. बायको त्या प्लेअरला सवत म्हणते.

दुसरं वेड खुल्या बाजाराचं. माझ्या डोक्यात ही दोन्ही वेडं एकच आहेत — कुणाला न विचारता मोठ्यानं गाणारा माणूस, आणि कुणाला न विचारता आपला माल हवा तिथं विकणारा माणूस. वर्गात, चहाच्या टपरीवर, लग्नाच्या पंगतीत, कुठंही मी सुरू व्हायचो. आमच्या भागात ऊस म्हटलं की सगळं कारखान्याच्या हातात. लागण कधी केली त्याची नोंद तिथं, तोडीचा नंबर तिथून, ऊस तोडणारी टोळीही तिथूनच यायची. आणि ज्याची वर ओळख आहे तो नंबर नसतानाही टोळी घेऊन जातो, हे सगळ्यांना ठाऊक. त्यावर मी तावातावानं बोलायचो. वशिला म्हणजे दुसऱ्याच्या ताटातलं उचलणं, असं म्हणायचो. लोक हसायचे. गाणी ऐकून ऐकून सरांच्या डोक्यावर परिणाम झालाय, म्हणायचे.

एकटा भानुदास हसायचा नाही.

भानुदास म्हणजे माझा बांधाला बांध लागून असलेला शेजारी. सातवी शिकलेला, माझ्याहून सहा-सात वर्षांनी लहान. रविवारी मी रानात आलो की हा ओट्यावर येऊन बसायचा, गाणी ऐकायचा. शब्द कळायचे नाहीत, पण वाजवणारा जीव ओतून वाजवतोय की नुसता हात चालवतोय, ते त्याला बरोबर कळायचं. माझं खुल्या बाजाराचं पुराणही तो तसंच मन लावून ऐकायचा. आणि एके दिवशी म्हणाला, "सर, मी ऊस मोडतो. खरबूज लावतो. माझा माल मीच पुण्याला न्हेऊन इकतो." मला काय वाटलं सांगू? इतकी वर्षं शिकवलं, पण माझं बोलणं असं कुणी मनावर घेतलं नव्हतं. मला गहिवरून आलं.

त्यानं सगळं नीट आखलं. उसाला जानेवारीच्या सुरुवातीचा नंबर लागला होता. ऊस तुटला की रान तयार करायचं आणि महिनाअखेरीला रोपं लावायची. रोपवाटिकेत रोपं सांगून आला, वाफ्यांवर अंथरायचा मल्चिंगचा कागद घरात आणून ठेवला. घरातली सगळी नाही म्हणत होती. त्यानं माझं नाव सांगून त्यांना गप्प केलं.

आता तुम्हाला वाटेल, मी सल्ला दिला आणि तो फसला, एवढीच ही गोष्ट. तेवढंच असतं तर मी ते कधीच सांगून मोकळा झालो असतो. सल्ला चुकणं हा काय गुन्हा आहे?

त्याच जानेवारीत बंगळूरला एक म्हातारा अमेरिकन गिटारवाला येणार होता. ज्याला चाळीस वर्षं ऐकलं तो समोर बसून वाजवणार. मी तिकीट काढलं. आणि माझ्या उसाचा नंबर नेमका त्याच आठवड्यात येत होता. टोळी आली की कुणीतरी रानात हजर लागतं — वाहन लागलं का, वजनाची पावती कुठाय, बघावं लागतं. भानुदासला नुसतं म्हटलं असतं तरी त्यानं सगळं केलं असतं. ते मला सुचलंच नाही. सुचलं ते फोन करायचं.

कारखान्याच्या संचालकांत माझा एक जुना विद्यार्थी होता. त्याला म्हणालो, बघ, काही जमतंय का. तो म्हणाला, "सर, तुमचं काम म्हंजी घरचं काम. मंगळवारी भानुदासरावांच्या रानात टोळी जानार हाय, ती आदी तुमच्याकडं लावतो. त्येंचं मागनं बघू."

नाव घेऊन म्हणाला तो. म्हणजे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. रोपं कधी येणार, तेही मला तारखेनिशी ठाऊक होतं. मी म्हणालो, "बरं."

मंगळवारी टोळी माझ्या रानात उतरली. भानुदास बांधावर येऊन उभा राहिला. "तुमचा नंबर आदी लागला व्हय?" मी म्हणालो, कॉम्प्युटरवर यादी बदलली असेल. त्यानं मान हलवली, आणि टोळीतल्या बायकांना प्यायला पाण्याची घागर आणून दिली. पाच-सहा दिवसांत माझं रान मोकळं झालं. टोळी तिथूनच बावडा गावाच्या बाजूला हलवली गेली आणि मी बंगळूरला गेलो. कार्यक्रम फार चांगला झाला. मला मजा आली — हेही सांगितलं पाहिजे.

भानुदासचा ऊस मार्चपर्यंत उभा राहिला. त्याला तुरे आले, आतून पोकळ पडला. रोपं मात्र ठरल्या दिवशी आली. त्यानं ट्रे लिंबाच्या सावलीत मांडले, रोज झारीनं पाणी घालत बसायचा, कारखान्याच्या ऑफिसात हेलपाटे घालायचा. वेल ट्रेमध्येच एकमेकांत गुंतले, मग पिवळे पडले. एका रविवारी त्यानं ते सगळे बांधावर ओतले. मी शेजारीच उभा होतो. मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, "बघ भानुदास, सहकारात हे असंच चालायचं. म्हणून तर मी खुल्या बाजाराचं म्हणतो."

हो, असं म्हणालो. मेलेल्या रोपांसमोर उभं राहून. त्याला पटलंसुद्धा.

इतकं पटलं, की पुढं कारखान्याच्या वार्षिक सभेत तो उभा राहिला. आयुष्यात पहिल्यांदा. माझीच वाक्यं पाठ करून आला होता. नंबर सोडून ज्यांचा ऊस तुटला त्यांची नावं हितं वाचून दाखवा, म्हणाला. माईक माझ्या त्या विद्यार्थ्याच्या हातात होता. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि हसला. "सर समोरच बसल्यात. सर म्हनतील तसं करू. वाचायची का यादी, सर?"

सगळ्यांनी माना वळवल्या. भानुदासनंही. त्याचा चेहरा एकदम उजळला होता, आता आपले सर बोलणार म्हणून. मी उठलो. "एकट्यासाठी सगळ्यांचा खोळंबा नको," मी म्हणालो. "पुढचा विषय घ्या." मागून कुणीतरी टाळी वाजवली, मग हशा झाला. भानुदास मग खाली बसला.

परतताना मी त्याच्याच मोटारसायकलवर मागं बसलो होतो. वाटेत तो मान थोडी मागं करून म्हणाला, "बरं केलंत सर, थांबीवलंत. कुनाचं तरी नाव निघालं आसतं, उगं वैर झालं आसतं." माझ्या वतीनं त्यानंच कारण शोधून दिलं होतं. मी "हं" म्हणालो. पुढं घर येईपर्यंत आम्ही पावसापाण्याचं बोललो.

त्यानं पुन्हा ऊसच लावला. ते आपल्यासारख्याला न्हाय जमायचं, म्हणाला, आणि विषय संपवला. सभेलाही जातो, पण उभा राहत नाही. मी मात्र बोलत राहिलो. दुसऱ्या वर्षी बारामतीत माझं व्याख्यान झालं, शेतकऱ्याला मोकळं सोडा या विषयावर. शाल दिली, नारळ दिला. भानुदास मुद्दाम गाडी काढून आला होता आणि पहिल्या रांगेत बसला होता.

पहिली दोन-तीन वर्षं त्याची हाक ऐकली की मी मागच्या दारानं रानात निघून जायचो. आता जात नाही. आता तो येतो, मी चहा टाकतो, तबकडी लावतो. काही वाटावं म्हणून मी कधी कधी वाट बघतो. काही वाटत नाही.

गेल्या रविवारी तबकडीवर एक म्हातारा गात होता, घशातून ओरबाडून काढावं तसं. गाणं साधं होतं, बायको सोडून गेल्याचं. भानुदासनं विचारलं, "सर, ह्यो एवडा कळवळतोय कशापायी?"

मी म्हणालो, "त्यानं त्याच्या दोस्ताचं वाटोळं केलंय. आणि ते त्याला सांगता येत नाही."

भानुदासनं बशीत चहा ओतला, फुंकर घातली.

"मग सांगून टाकावं की," तो म्हणाला. "गानं कशाला म्हनत बसलाय?"

मी उठलो आणि आवाज थोडा वाढवला.