तांदळाच्या डब्यातलं घड्याळ

अरे, फोन ठेवू नकोस बघू लगेच. बोटीवरून फोन करतोस तो कसला घाईघाईत! "बाबा घड्याळ घालतात ना?" एवढंच विचारतोस, आणि मी "घालतात" म्हणते न म्हणते तोच ठेवतोससुद्धा. आज नीट ऐक.

ते स्टीलचं भारी घड्याळ तू त्यांच्या मनगटावर बांधलंस तेव्हा म्हणाला होतास, "ह्याला सेल नाही, रोजची चावी नको. हात हलला की आपोआप चालतं." मला वाटलं, पोराची फुशारकी. तू गेलास आणि हे घड्याळासकट माडांना पाण्याचं शिपणं करायला निघाले. मीच ओरडले, "काढा ता आधी! खाऱ्या वाऱ्यान गंज चढात." पुसलं, फडक्यात गुंडाळलं आणि ठेवलं उकड्या तांदळाच्या डब्यात. आपल्या दमट हवेत जपायची वस्तू दुसरी कुठे ठेवणार?

एका लग्नाला जाताना काढलं, तर बंद. मी म्हटलं, "दुकानवाल्यान झिलाक फसवल्यान." हे हसले, हात हलवला आणि चालू केलं. घरी आल्यावर आपणच काढून माझ्यापुढे धरलं, "घे, घाल तुज्या तांदळात." पुन्हा मागितलं नाही कधी. पण मी भाताचे तांदूळ काढायला बसले की हे डब्याकडे बघायचे. मला दिसायचं रे ते.

शिमग्यानंतर त्यांचा डावा हात लुळा पडला, ते तुला ठाऊकच आहे. मग मी डबा उघडला आणि घड्याळ त्यांच्या त्याच हातावर बांधलं! पण हात हलेना, आणि घड्याळ सकाळपर्यंत बंद. म्हणून आता दिवसभर मीच घालते. खोबरं खवते, अंगण झाडते, ते चालत राहतं. शेजारीण म्हणते, "काय गो, सायबीण झालंस काय?" संध्याकाळी त्यांच्या मनगटावर चढवते. मग उजव्या हाताने डावा हात उचलून ते कानाशी नेतात. म्हणतात, "माजा घड्याळ तुज्या हातार चलता. बरा आसा." जरा रागावले असते तर बरं झालं असतं.

उजवा हात धड आहे, पण घड्याळ डाव्याच हातात, हा त्यांचा हट्ट. आणि ज्या तोंडाने "काढा" म्हटलं, त्याच तोंडाने मी "उजव्या हातात घाला" कसं म्हणू? तुझं ऐकतील. रजा मिळाली की ये, आणि तूच बांध त्यांच्या उजव्या मनगटावर. लवकर ये रे.