पटात धावणारं पायदान

सकाळच्या गाडीनं नागपूरहून गोंदियाला उतरलो तेव्हा माझ्या काखेत साडेचार फूट लांबीचा पुठ्ठा होता. वडिलांच्या जुन्या मोटारीच्या डाव्या पायदानाचा (दाराखालची, चढताना पाय ठेवायची पट्टी) तो खाका; पायदान कधीच हरवलेलं. मोटार स्वातंत्र्यापूर्वीची, जमिनीपासून बरीच उंच. वडील एक्याऐंशीचे, गुडघे त्यांच्याहून जुने. पायदानाशिवाय त्यांना चढता येत नाही आणि स्टूल त्यांना मंजूर नाही. "मोटारीत चढायचंय, माळ्यावर नाही," असं त्यांचं म्हणणं.

स्टेशनाजवळच्या भंगारवाल्यानं पुठ्ठा पाहताच मान डोलावली.

"ये तो मैंने ही बेचा था. बैलवाले को."

"बैलाला पायदान कशाला?"

"वो बैल से पूछो."

पुठ्ठ्याच्या मागेच त्यानं रस्ता काढून दिला. अर्जुनी मोरगावची बस, पुढे इटियाडोहचा कालवा, कालव्याकाठी गाव, गावात सेवकराम.

धान निघून गेलं होतं आणि बांध्या (धानाची खाचरं) कोरड्या पडल्या होत्या. गावात कुणीच नव्हतं. सगळे पटावर, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीला गेलेले. तिथे सेवकराम सापडला, आणि पायदानही. त्याच्या छकड्यावर (शर्यतीची हलकी दोनचाकी गाडी) धुरकऱ्याच्या, म्हणजे जोडी हाकणाऱ्याच्या, पायाखाली ते ठोकलेलं होतं. मी पुठ्ठा लावून पाहिला. बोटभरही फरक नव्हता. एवढ्यात भोवती गर्दी झाली आणि एका म्हाताऱ्यानं विचारलं, "साहेब, कालव्याचं मोजमाप का? माझी बांधी तिकडं हाय."

सेवकरामला मी येण्याचं कारण सांगितलं.

"नाई जी. तीन सालापासून जोडी नंबरात येऊन राहिली. पायदान निघालं का नंबर गेला."

"वडिलांना मोटारीत चढता येत नाही हो."

"मोटार चालते का?"

"सध्या नाही."

"मंग चढून कुठं जाऊन राहिले ते? माझी तं पळून राहिली न!"

जिंकत्या छकड्यावरचं काहीही बदलायचं नाही, असा इथला रिवाज. धुरकरी मोरेश्वर हा सेवकरामचा साळा. त्याच्या अंगातला शर्टही तीन वर्षं तोच होता, न धुता. जवळ उभं राहिल्यावर खात्री पटते.

शेवटी सेवकराम म्हणाला, "जोडी हरली तं घेऊन जा."

त्याच्या बायकोनं लाखोरीच्या डाळीचे गरम वडे माझ्या हातावर ठेवले. "खा जी. अन् आमच्या जोडीले आशीर्वाद द्या." मी तोंडात वडा असतानाच आशीर्वाद दिला. तो मनापासून नव्हता.

तूफान आणि मेंबर ही जोडी सुटली. निम्म्या वाटेत पायदानाचे पुढचे स्क्रू निघाले. ते लोंबकळलं, दगडावर आपटलं आणि पडलं. पाय ठेवायला जागा न उरल्यामुळे मोरेश्वर दांडीवर पालथा पडला, त्यानं मेंबरची शेपटी धरली आणि तशीच रेषा ओलांडली. पहिला नंबर. आपणही ओरडत होतो, हे मला घसा बसल्यावर कळलं. वडे कुठे गेले ते कळलं नाही.

जोडी जिंकली, म्हणजे पायदान गेलं. मी पुठ्ठा गुंडाळू लागलो. सेवकराम मात्र धुळीत उतरला, पायदान उचललं आणि हातावर तोललं.

"तीन साल! तीन साल हे वजन माझ्या बैलाईनं ओढलं! काऊन रे मोरेश्वर, तुले समजत नोतं?"

"मी तं पयल्याच दिवशी म्हणलो होतो, भाऊजी. तुमीच म्हणलं, हात लावू नोको."

"घेऊन जा जी," सेवकराम मला म्हणाला. "माझ्या डोळ्यापुढून घेऊन जा." पैसे घ्यायलाही तो तयार नव्हता. शेजारच्या दोन छकडेवाल्यांनी तोवर आपापल्या फळ्या उचकटायला घेतल्या होत्या.

परतीच्या गाडीत तीन प्रवाशांनी पायदानावर पाय ठेवले. मी हरकत घेतली नाही.

ते मोटारीला नेमकं बसलं. मधोमध एक पोचा आहे. तो ठोकून काढू का, असं मिस्त्रीनं विचारलं. पोचा कशानं पडला ते वडिलांनी ऐकून घेतलं, त्यावर पाय ठेवला, चढून बसले आणि म्हणाले, "राहू दे."

हल्ली ते येणाऱ्या प्रत्येकाला सांगतात की आपली मोटार पटात पहिली आली. पायदान निम्म्या वाटेतच पडलं होतं, अशी दुरुस्ती मी सुचवली आहे. ती त्यांनी अजून स्वीकारलेली नाही.