काचेमागची गावं

हिऱ्यानं काच कापल्याचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला, त्याला चाळीस वर्षं झाली. बारीक कर्रर्र, आणि मग टक्! तेव्हापासून जुन्या जालन्यातल्या या फ्रेमच्या दुकानात आहे. काचेच्या पट्ट्या टेबलाखाली साचतात, तसे किस्सेही साचले. फेकवत नाहीत.

मालकाचा मुलगा गजानन आता दुकान पाहतो. त्यानं शहरांचे नकाशे छापून आणायला सुरुवात केली. पांढरा कागद, काळे रस्ते. लोक हॉलमध्ये लावतात म्हणे! मला वाटलं, तलाठी सोडून हे कोण घेणार? पण घेतात!

*

जालन्याचा पहिला नकाशा आमच्याच गल्लीतल्या एका सासूबाईंनी नेला. आठवड्यानं सुनेला घेऊन दुकानात हजर.

"गजानन, याचं माप बराबर हाय ना?"

"बिलकुल, काकू."

"पाह्य गं! तुझं माहेर इथून बोटभर. अन् जाऊन यायला तुला तीन दिवस लागतात?"

सून शांतपणे म्हणाली, "आत्याबाई, मधात मपल्या दोन मावश्या राहतात. त्या यात छापल्या न्हाईत!"

*

टेंभुर्णीचे कचरूभाऊ आमचं जुनं गिऱ्हाईक. त्यांच्या मुलीनं, सुनीतानं, स्वतःच्या पसंतीनं लग्न केलं आणि ती पुण्याला गेली. चार वर्षं झाली. कुणी तिचा विषय काढला की हा माणूस भरल्या ताटावरून उठतो.

त्यांनी आपल्या गावाचा नकाशा मागवला. आला तो जवळजवळ कोराच!

"शाई सरली का रे?"

"भाऊ, गावात रस्तेच एवढे."

"अन् आमची वावरं?"

त्यांनी बॉलपेन काढून सगळी वावरं, विहिरी, बांध स्वतः भरले. मी फ्रेम करून दिली. चौथ्या दिवशी त्यांचा चुलतभाऊ दारात उभा.

"काच काढा, काका! ह्यानं बांध मपल्या वावरात सरकवला!"

*

दिवाळीनंतर कचरूभाऊ पुन्हा आले.

"पुण्याचा एक काढ."

गजाननला राहवलं नाही. "पुण्यात कोण हाय, भाऊ?"

"कुणी न्हाई."

"मंग कोणता भाग घेऊ?"

भाऊंनी खिशातून चिठ्ठी काढली. गल्ली, बिल्डिंग, मजला, सगळं लिहिलेलं!

"कुणी न्हाई तिथं. पण ही गल्ली बराबर मधात आली पाह्यजे."

*

आमच्याकडे निम्मं काम गेलेल्या माणसांच्या फोटोंचं. अशा फ्रेमला वर दोन पितळी हूक लावायचे, हार अडकवायला. आमचा जुना रिवाज. पुण्याचा नकाशा बसवला आणि सवयीनं हातानं हूकही लावून टाकले. मला कळलंसुद्धा नाही.

भाऊ न्यायला आले. फ्रेमवरून फिरणारं त्यांचं बोट हुकांपाशी थांबलं.

"हे कामून?"

गजानन मान खाली घालून म्हणाला, "हारासाठी असतात, भाऊ. काकांकडून चुकून..."

भाऊंनी फ्रेम माझ्यापुढं सरकवली. मग म्हणाले, "काढा. मपली सुनी जित्ती हाय."

मी दोन्ही हूक काढले. "भोकं बुजवून देतो," म्हटलं.

"राहू द्या."

गजानननं स्टूल पुढं केलं. "बसा, भाऊ. चहा सांगतो. टेंभुर्णीच्या गाडीला टाइम हाय अजून."

"पुण्याची किती वाजता?"

गजानननं माझ्याकडं पाहिलं. "आत्ता. चारला."

कचरूभाऊंनी फ्रेम काखेत मारली, चपला पायात सरकवल्या आणि स्टँडकडं चालू लागले.